डेटाबेस गप्प राहतो तेव्हा

डेटाबेसच्या तक्रारी दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात पडद्यावर त्रुटीचा संदेश येतो, काम अडते, धावाधाव होते आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी कारण सापडते. दुसऱ्या प्रकारात काहीच अडत नाही. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, चालते, आकडे येतात, अहवाल छापून सही होऊन जातो आणि त्यातली बेरीज चुकली होती, हे काही महिन्यांनी लेखापरीक्षकाच्या लक्षात येते. पहिल्या प्रकाराबद्दल मार्गदर्शन भरपूर मिळते, कारण संदेशातील शब्द जसेच्या तसे शोधता येतात. दुसऱ्या प्रकारात शोधायला शब्दच नसतात, म्हणून येथे भर त्याच प्रकारावर आहे.

उदाहरणासाठी एक काल्पनिक पतसंस्था घेऊ. तिच्या चार शाखा आहेत, काही हजार सभासद आहेत आणि अनेक वर्षे चाललेल्या जुन्या प्रणालीतून सर्व नोंदी आता पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल यांसारख्या डेटाबेसमध्ये आणायच्या आहेत. सभासद, ठेवी, कर्जे, जामीनदार आणि वारस अशी नेहमीची टेबले, म्हणजे ओळी आणि रकाने असलेले तक्ते, आहेत.

आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल डेटाबेसची, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडता येणाऱ्या टेबलांत ठेवण्याची, कल्पना मांडली. तिच्यावर उभ्या राहिलेल्या एसक्यूएल या भाषेत आपण फक्त काय हवे ते सांगतो. ते कोणत्या मार्गाने शोधायचे हे डेटाबेस स्वतः ठरवतो. या एका गोष्टीतून पुढच्या बहुतेक अडचणी निघतात. आपण चुकीची पण व्याकरणशुद्ध मागणी केली, तर डेटाबेस तिचे अचूक उत्तर देतो, आणि आपल्याला हे विचारायचेच नव्हते हे कळण्याचा त्याला काही मार्ग नसतो.

व्यवस्थापकांनी विचारले, ‘जे कोणत्याही कर्जाला जामीन राहिलेले नाहीत, अशा सभासदांची यादी द्या.’ क्वेरी सरळ वाटते: सभासदांच्या टेबलातून असे क्रमांक काढायचे, जे कर्जाच्या टेबलातील जामीनदाराच्या रकान्यात नाहीत, आणि त्यासाठी ‘नॉट इन’ वापरायचे. क्वेरी चालते आणि एकही नाव येत नाही. संस्थेतील प्रत्येक सभासद कोणाला तरी जामीन आहे, असा निष्कर्ष काढून कोणी मोकळे झाले तर नवल नाही. खरे कारण असे असते, की सोनेतारण कर्जाला जामीनदार लागत नाही, म्हणून त्या ओळींत जामीनदाराचा रकाना रिकामा, म्हणजे ‘नल’ आहे. नल म्हणजे शून्य नव्हे आणि कोरा मजकूरही नव्हे. नल म्हणजे ‘माहीत नाही’. सभासद क्रमांक ४१२ हा या यादीत नाही ना, असे विचारल्यावर डेटाबेस यादीतील एकेका क्रमांकाशी तुलना करतो, आणि नलपाशी आला की ‘हा ४१२ असेलही, नसेलही’ असे म्हणून थांबतो. खात्री नसल्यामुळे ती ओळ गाळली जाते, आणि हेच प्रत्येक सभासदाच्या बाबतीत घडते. ‘नॉट एक्झिस्ट्स’ वापरून तीच मागणी लिहिली की यादी बरोबर येते, कारण तेथे ‘या सभासदाच्या क्रमांकाशी जुळणारी ओळ आहे का’ एवढाच प्रश्न असतो आणि नल कशाशीच जुळत नाही. याच कारणाने ‘रकाना बरोबर नल’ अशी अट कधीच खरी ठरत नाही. ‘इज नल’ असेच लिहावे लागते. ओरॅकल या डेटाबेसमध्ये तर कोरा मजकूरही नल धरला जातो, त्यामुळे दुसऱ्या डेटाबेसमध्ये नीट चालणारी अट तेथे मुकाट्याने वेगळे उत्तर देते.

दुसरी शांत चूक बेरजेची आहे. एका सभासदाची ५०,००० रुपयांची ठेव आहे आणि तिला दोन वारस लावलेले आहेत. ठेवींचे टेबल वारसांच्या टेबलाशी जोडले की ती एक ठेव दोन ओळींत दिसू लागते, आणि बेरीज केली की १,००,००० होते. जोडणीत काहीही चुकलेले नाही. दोन वारस म्हणजे दोन जोड्या, हे डेटाबेसने योग्यच केले. येथे अनेक जण ‘डिस्टिंक्ट’ हा शब्द घालून आकडा खाली आणतात, आणि माझ्या मते ही सवय मूळ चुकीपेक्षा वाईट आहे. वेगवेगळ्या रकमांचीच बेरीज करा असे सांगितले, तर ज्यांच्या खरोखरच ५०,००० रुपयांच्या दोन स्वतंत्र ठेवी आहेत त्यांची एक ठेव नाहीशी होते. आधी आकडा फुगला होता, आता तो आटतो. जोडणीच्या आधी ठेवींची बेरीज सभासदनिहाय करून घ्यावी आणि मग बाकीची टेबले जोडावीत. जोडणीच्या आधी आणि नंतर ओळी मोजून पाहिल्या, तर हा घोटाळा अर्ध्या मिनिटात उघडा पडतो.

तिसरी चूक वेळेची आहे आणि ती आपल्याकडे हमखास आढळते, कारण भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. वार्षिक व्याज जमा करण्याचे काम १ एप्रिल सुरू होताच, मध्यरात्रीनंतर साडेबारा वाजता आपोआप चालले, असे समजा. सर्व्हर जागतिक वेळेवर असेल, तर त्याच्या लेखी तेव्हा ३१ मार्चचे सायंकाळचे सात वाजलेले असतात, आणि तारखेनुसार अहवाल काढला की ते व्याज आधीच्या आर्थिक वर्षात जाऊन बसते. पोस्टग्रेसमध्ये ‘वेळक्षेत्रासह’ या प्रकारचा रकाना ठेवला तर क्षण बिनचूक साठवला जातो, पण तो दाखवताना जोडणी करणाऱ्याचे वेळक्षेत्र वापरले जाते. म्हणूनच एकच क्वेरी लेखापालाच्या संगणकावर एक तारीख दाखवते आणि सर्व्हरवर चालवली की दुसरी. क्वेरीत आधी वेळ भारतीय वेळेत बदलून घ्यावी आणि मगच तिच्यातून तारीख काढावी.

क्वेरी मंदावण्याची तक्रार मात्र गाजावाजा करून येते. मंद क्वेरी खरोखर काम करते आहे की नुसती रांगेत उभी आहे, हे आधी पाहावे. दुपारी कोणी ‘बिगिन’ लिहून व्यवहार, म्हणजे एकत्रच पक्का किंवा रद्द होणारा बदलांचा गट, उघडला, काही ओळी बदलल्या आणि ‘कमिट’ने तो पक्का न करताच तो जेवायला गेला, तर त्या ओळी बदलू पाहणारा प्रत्येक जण त्याच्या परतण्याची वाट पाहत बसतो. टेबलाची रचना बदलण्याची आज्ञा याहून घातक ठरते. एखादा लांबलचक अहवाल ते टेबल वाचत असेल तर रचनाबदल त्याच्या मागे थांबतो, आणि रचनाबदलाच्या मागे साधी वाचनेही थांबू लागतात. पाहणाऱ्याला वाटते, सर्व्हर बंद पडला. पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी’ या दृश्यात कोण काय करत आहे आणि कोण कशासाठी थांबले आहे, ते दिसते. तेथे ‘व्यवहार उघडा, काम काही नाही’ अशा अवस्थेतील जुनी जोडणी आढळली, तर दोषी बहुधा तीच असते.

कोणी अडवलेले नसेल, तर इंडेक्सकडे, म्हणजे ओळी पटकन सापडाव्यात म्हणून डेटाबेसने ठेवलेल्या क्रमवार सूचीकडे, वळावे. शब्दकोश पहिल्या अक्षरावरून लावलेला असतो, म्हणून ‘कुल’ने सुरू होणारी आडनावे त्यात झटकन सापडतात, पण ‘कर’ने संपणारी सगळी आडनावे काढायची तर पान अन् पान चाळावे लागते. आपल्याकडे अशी आडनावे किती आहेत हे सांगायला नको. साधा इंडेक्स असाच असतो, त्यामुळे शोधशब्दाच्या सुरुवातीला टक्क्याची खूण (‘येथे काहीही चालेल’) दिली की तो निरुपयोगी होतो. तारखेच्या रकान्यावर इंडेक्स असूनही ‘तारखेतील वर्ष काढा आणि ते २०२३ आहे का पाहा’ अशी अट लिहिली, तर हीच गत होते, कारण इंडेक्समध्ये तारखा लावलेल्या आहेत, वर्षे नाहीत. त्याऐवजी ‘१ जानेवारी २०२३ किंवा त्यानंतर, आणि १ जानेवारी २०२४ च्या आधी’ असे लिहावे. मायएसक्यूएलमध्ये खाते क्रमांक मजकूर म्हणून साठवलेला असेल आणि अटीत तो अवतरणचिन्हांशिवाय संख्या म्हणून लिहिला, तरीही इंडेक्स वापरला जात नाही, कारण ‘१२३’ आणि ‘०१२३’ हे दोन्ही मजकूर त्या संख्येइतकेच भरतात आणि ते इंडेक्समध्ये वेगवेगळ्या जागी असतात. डेटाबेसने कोणता मार्ग निवडला ते ‘एक्स्प्लेन’ ही आज्ञा दाखवते. त्याला ‘ॲनालाइझ’ जोडले की क्वेरी प्रत्यक्ष चालवून मोजमाप दिले जाते, म्हणून ओळी पुसणाऱ्या आज्ञेवर हा प्रयोग करायचा असेल तर तो व्यवहार उघडून करावा आणि शेवटी ‘रोलबॅक’ देऊन तो रद्द करावा. नुसते बघायला म्हणून गेलेल्यांनी खऱ्या ओळी पुसल्या, असे होऊ शकते.

आता परवानग्या. पोस्टग्रेसमध्ये एखादे टेबल वाचायचे तर तीन दारे ओलांडावी लागतात: डेटाबेसला जोडण्याचा अधिकार, स्कीमा (टेबले ठेवण्याचा नाव दिलेला कप्पा) वापरण्याचा अधिकार आणि टेबल वाचण्याचा अधिकार. माणसे तिसरे दार उघडून देतात आणि मधले विसरतात. टेबलाचे नाव स्कीमासह लिहिले असेल तर निदान ‘स्कीमासाठी परवानगी नाही’ असा स्पष्ट संदेश येतो. नाव स्कीमाविना लिहिले असेल, तर टेबल कोणत्या स्कीमांत शोधायचे त्या यादीतून परवानगी नसलेला स्कीमा गुपचूप वगळला जातो आणि ‘असे टेबलच नाही’ असा संदेश मिळतो. मग टेबल कोणी पुसले याचा शोध सुरू होतो, आणि टेबल मात्र जागच्या जागी असते.

‘सर्व टेबलांवर वाचनाची परवानगी’ ही आज्ञा त्या क्षणी असलेल्या टेबलांपुरतीच लागू होते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. पुढच्या महिन्यात तयार झालेले टेबल त्यात येत नाही. भावी टेबलांसाठी ‘डीफॉल्ट प्रिव्हिलेजेस’ची वेगळी आज्ञा आहे, आणि तिचीही खोच अशी, की ज्या रोलच्या (वापरकर्त्याच्या खात्याच्या) नावाने ती दिली त्याच रोलने बनवलेल्या टेबलांना ती लागते. २०२२ साली आलेल्या पोस्टग्रेस १५ पासून ‘पब्लिक’ या स्कीमात कोणालाही टेबल बनवण्याची जुनी मुभा काढून टाकली आहे, त्यामुळे वर्षानुवर्षे चाललेली स्थापनेची स्क्रिप्ट नव्या आवृत्तीवर पहिल्याच ओळीत अडू शकते. असे झाले की सर्वाधिकार असलेला सुपरयूजर वापरून काम पुढे रेटण्याचा मोह होतो. तो आवरावा, त्या नावाने बनलेली टेबले त्याच्याच मालकीची होतात आणि उद्या ॲप्लिकेशनला तीच नाकारली जातात. मायएसक्यूएलमध्ये खाते म्हणजे नुसते नाव नव्हे, तर नाव आणि ते कोठून जोडते आहे त्या ठिकाणाची जोडी असते, म्हणून सर्व्हरवर बसून चालणारे नाव आणि पासवर्ड शाखेतून चालत नाहीत.

या सर्व प्रकारांत निदान नकार तरी मिळतो. पोस्टग्रेसच्या ९.५ आवृत्तीपासून असलेली ओळनिहाय सुरक्षा मात्र वाचताना नकार देत नाही. ज्या ओळी पाहण्याचा तुम्हाला अधिकार नाही, त्या उत्तरात येतच नाहीत. प्रत्येक शाखेने आपलेच सभासद पाहावेत यासाठी ही सोय उत्तम आहे. पण मुख्यालयातील लेखनिकाने शाखेच्या खात्यातून एकूण ठेवी काढल्या, तर त्याला एका शाखेचा आकडा संपूर्ण संस्थेचा म्हणून मिळेल आणि संशय यावा असे पडद्यावर काहीही नसेल. दोन माणसांची एकच क्वेरी वेगवेगळी संख्या देत असेल, तर क्वेरी तपासण्याआधी दोघे कोणत्या नावाने जोडले आहेत, हे पाहावे.

परवानगी आणि स्थलांतर (जुन्या प्रणालीतून नोंदी नव्या डेटाबेसमध्ये आणणे) यांच्या सीमेवरची एक अडचण फार जणांना चकवते. पोस्टग्रेसची ‘कॉपी’ ही आज्ञा फाइल वाचते ती सर्व्हरच्या डिस्कवरची आणि सर्व्हरच्या अधिकाराने. तुमच्या डेस्कटॉपवर फाइल समोर दिसत असली तरी ‘अशी फाइल नाही’ असे उत्तर येते, आणि ते बरोबरच असते. आपल्या संगणकावरची फाइल पाठवायची तर पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या साधनातील उलट्या तिरप्या रेघेने सुरू होणारी ‘कॉपी’ वापरावी.

स्थलांतरातील सर्वांत मोठा सापळा एक्सेलचा आहे, कारण जुन्या प्रणालीतून निघालेली सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर) कोणीतरी ‘जरा बघतो’ म्हणून त्यात उघडते आणि जतन करते. खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये जातात. बारा अंकी आधार क्रमांक दशांशचिन्ह आणि घातांक अशा आखूड रूपात दिसू लागतो, आणि सीएसव्हीमध्ये दिसते तेच लिहिले जात असल्याने उरलेले अंक कायमचे गमावले जातात. पंधरापेक्षा जास्त अंकांच्या संख्येत सोळाव्या अंकापासून पुढे शून्ये येतात. ओळींनाही मर्यादा आहे: आजच्या एक्सेलमध्ये १०,४८,५७६ आणि जुन्या स्वरूपात ६५,५३६. इंग्लंडमध्ये २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोरोनाचे १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून गळले, ते हे जुने स्वरूप वापरल्यामुळे आणि फाइल भरल्यावर पुढच्या ओळी गळून पडल्यामुळे. त्या रुग्णांच्या संपर्कातील लोकांचा शोध तेवढे दिवस लांबला. फाइल पाहायचीच असेल तर साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये पाहावी, आणि क्रमांकाचे सर्व रकाने प्रथम मजकूर म्हणूनच आत घ्यावेत.

तारखांबाबत एवढेच, की ०३/०४/२०२४ ही आपल्याला ३ एप्रिल आणि अमेरिकी पद्धतीने लावलेल्या प्रणालीला ४ मार्च वाटते. १३ पासूनच्या तारखा महिना म्हणून बसत नाहीत, म्हणून तेथे निदान त्रुटी येते. पहिल्या बारा तारखा मात्र निमूटपणे उलटतात. फाइल काढतानाच वर्ष-महिना-दिवस असा क्रम मागून घ्यावा.

मराठी मजकुराची कथा थोडी सविस्तर सांगणे भाग आहे. अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट (साठवणीची एकके) घेते, आणि त्यांपैकी पहिला बाइट सर्वांचा सारखाच असतो. हे बाइट एखाद्या साधनाने रोमन लिपीचे समजून वाचले, की मजकुरात डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि चलनाची खूण यांची माळ दिसू लागते. हे दृश्य भयंकर असले तरी परिस्थिती सुधारण्याजोगी असते, कारण बाइट शाबूत आहेत, वाचणारा चुकला आहे. अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसली, तर मात्र आधी काळजी करावी. मजकूर आत जाताना अशा रकान्यात गेला असेल जिथे देवनागरीला जागाच नाही, तर मूळ अक्षरे साठवलीच गेलेली नाहीत आणि ती जुन्या फाइलमधूनच पुन्हा आणावी लागतील. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये ही चूक नेहमी होते: रकाना योग्य प्रकारचा असूनही आज्ञेतील मजकुराच्या आधी ‘एन’ हे अक्षर लिहायचे राहते आणि नावांची प्रश्नचिन्हे होतात. ओरॅकलमध्ये रकान्याची लांबी सांगितल्याशिवाय बाइटमध्येच मोजली जाते, म्हणून तीस लांबीच्या रकान्यात देवनागरीची दहाच चिन्हे मावतात.

तपासण्याची एक सोपी युक्ती आहे. ‘मराठी’ या शब्दात काना आणि वेलांटी धरून पाच चिन्हे आणि पंधरा बाइट आहेत. डेटाबेसला या शब्दाची चिन्हांतील लांबी विचारली आणि उत्तर पाच आले, तर साठवण ठीक आहे, दोष दाखवणाऱ्या साधनात आहे. पंधरा आले, तर मजकूर दोनदा रूपांतरित होऊन आत गेला आहे.

मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ८’ या नावाने वर्षानुवर्षे जे मिळत होते ते जास्तीत जास्त तीन बाइटच घेत असे. मराठीचे त्यात निभावते, म्हणून दोष लक्षात येत नाही. सभासदाने अर्जात एखादा इमोजी टाकला की चौथा बाइट लागतो आणि नोंद अडते. ‘यूटीएफ८एमबी४’ हाच खरा संच, आणि आठव्या आवृत्तीपासून तोच मूळ निवड म्हणून येतो. जुना मजकूर युनिकोडपूर्व (सर्व लिप्यांचा सामायिक चिन्हसंच येण्याआधीच्या) फाँटमध्ये असेल, तर प्रकरण निराळे आहे. तेथे साठवणीत रोमन अक्षरेच असतात आणि फाँट त्यांना देवनागरीचे रूप देतो, म्हणून प्रत्येक फाँटसाठी स्वतंत्र रूपांतर लागते.

सगळे युनिकोडमध्ये आले तरी शोध हुकू शकतो. ‘ॲ’ हे एक स्वतंत्र चिन्ह आहे, पण ‘अ’वर चंद्र देऊनही तेच दृश्य मिळते. ‘कऱ्हाडे’ या आडनावातील अर्धा र दोन निरनिराळ्या चिन्हक्रमांनी लिहिता येतो. डोळ्याला फरक दिसत नाही, यंत्राला दोन वेगळे शब्द दिसतात, आणि युनिकोडचे प्रमाणित एकरूपीकरण चालवूनही या जोड्या एक होत नाहीत. आपल्यालाच एक रूप ठरवून, नोंद आत येतानाच बाकीची रूपे बदलून घ्यावी लागतात. हे केले नाही तर एकाच सभासदाची दोन खाती निघतात.

स्थलांतर झाल्यावर ओळींची संख्या जुळली म्हणून समाधान मानू नये. शाखानिहाय ठेवींची बेरीज, सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी तारीख, प्रत्येक रकान्यातील नलची संख्या आणि सर्वांत लांब नावाची लांबी या गोष्टी दोन्हीकडे काढून शेजारी ठेवाव्यात; कापली गेलेली नावे त्या शेवटच्या मोजणीत पकडली जातात. पोस्टग्रेसचा एका डेटाबेसचा बॅकअप घेताना वापरकर्ते आणि त्यांचे पासवर्ड त्यात येत नाहीत, ते वेगळे काढावे लागतात. आणि सभासदांचे जुने क्रमांक जसेच्या तसे आत घातले असतील, तर पुढचा क्रमांक देणारा मोजक अजून एकवरच उभा असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला नवा सभासद नोंदवताना ‘हा क्रमांक आधीच आहे’ अशी त्रुटी येते, पुन्हा प्रयत्न केला की दोनला तीच, मग तीनला. म्हणून शाखा उघडण्याआधी ‘सेटव्हॅल’ने तो मोजक सर्वांत मोठ्या क्रमांकावर आणून ठेवावा, आणि असा मोजक असलेल्या प्रत्येक टेबलासाठी हे वेगळे करावे.